जे गेले नाहीत : मोहम्मेडन स्पोर्टिंग आणि त्याचे चाहते

९ नोव्हेंबर २०२४. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा सामना होता. एका बाजूला ईस्ट बंगाल, दुसऱ्या बाजूला मोहम्मेडन स्पोर्टिंग. ईस्ट बंगालने मोसमातले तोवरचे सहाच्या सहा सामने गमावले होते. त्यात सामन्याचा अर्धा तास होतो न होतो तोच त्यांच्या दोन खेळाडूंना लाल कार्ड मिळाले. म्हणजे उरलेला तासभर मोहम्मेडनचे अकरा आणि समोर नऊ. यापेक्षा सोपी संधी कुठल्या संघाला मिळणार? मोहम्मेडनने चेंडू फिरवला, कॉर्नर घेतले, लांबून फटके मारले. गोल काही झाला नाही. ०-०. ईस्ट बंगालला मोसमातला पहिला गुण मिळाला आणि नऊ जणांनिशी मिळवलेल्या त्या गुणाचा त्यांनी विजयासारखा जल्लोष केला.

इतर संघांचे चाहते हरल्यावर रडतात. मोहम्मेडनच्या चाहत्याला बरोबरीही रडवते.

हा क्लब आज ज्यांना नावापुरता माहीत आहे, त्यांना हे सांगावे लागते की एकेकाळी हिंदुस्थानात याच्यासारखा संघ नव्हता. कलकत्त्याची लीग जिंकणारा पहिला भारतीय संघ हा. ड्युरँड कप जिंकणारा पहिला भारतीय नागरी संघ हाच. मग असे काय झाले की नव्वद वर्षांनी त्याच क्लबला नऊ जणांविरुद्ध गोल करता येऊ नये? फुटबॉलच्या भाषेत याचे उत्तर सोपे आहे: पैसा नाही, व्यवस्थापन धड नाही, गटबाजी आहे. पण हे उत्तर अर्धे आहे. उरलेले अर्धे बंगालच्या आणि एका अर्थी या देशातल्या मुसलमानांच्या इतिहासात सापडते.

सुरुवात १८८७पासून करावी लागेल. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली ते हे साल. कलकत्त्यातल्या काही शिकल्या-सवरल्या मुसलमानांनी नवाब अमीनुल इस्लाम यांच्या पुढाकाराने ज्युबिली क्लब काढला. पुढे त्याचे नाव क्रेसेंट क्लब झाले, मग हमीदिया क्लब, आणि १८९१मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग क्लब. (योगायोग असा की मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला तोही याच वर्षी. हे दोघे पुढे भेटणार आहेत.) नावे बदलत होती, पण मागची धडपड एकच होती. सरकारी नोकरीत, शाळा-कॉलेजात, वकिलीत मागे पडलेल्या समाजाला नव्या जगात कुठेतरी पाय रोवायचा होता. सर सय्यद यांनी अलीगढमध्ये जे कॉलेजातून साधायचे ठरवले, ते कलकत्त्याच्या या मंडळींनी छोट्या प्रमाणावर मैदानावर करून पाहिले.

पहिली चाळीस वर्षे सांगण्यासारखे फारसे घडले नाही. १९११मध्ये मोहन बागानने अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या विजयाने कलकत्त्यातले मुसलमानही हरखून गेले होते आणि तत्कालीन मुस्लिम वृत्तपत्रांनी हिंदू बांधवांच्या पराक्रमाचे कौतुक केले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तेव्हा समोरचा प्रतिस्पर्धी गोरा होता, आणि एवढे पुरेसे होते.

शील्ड बाद फेरीची, चार-पाच सामन्यांत निकाल लागणारी स्पर्धा. लीग मात्र महिनोन्‌महिने चालणारी. १८९८पासून सुरू झालेली कलकत्ता लीग १९३३पर्यंत एकाही भारतीय संघाला जिंकता आली नव्हती. दरवर्षी कुठली तरी गोरी पलटण किंवा गोऱ्यांचा क्लब ती घेऊन जाई. मोहम्मेडन स्पोर्टिंग पहिल्या डिव्हिजनमध्ये चढला आणि पहिल्याच मोसमात, १९३४मध्ये, त्याने लीग जिंकली. मग १९३५, १९३६, १९३७, १९३८. सलग पाच वर्षे. १९३६मध्ये तर लीग आणि शील्ड दोन्ही एकाच मोसमात. हेही कुणा भारतीय संघाने आधी केले नव्हते.

हे कसे जमले, याचे उत्तर पावसात आहे. कलकत्त्याचा फुटबॉल मोसम म्हणजे मे ते सप्टेंबर. मैदानावर चिखल. आपले खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर ते बूटवाल्या गोऱ्यांना नाचवत आणि पाऊस पडला की घसरत. मोहन बागानच्या १९११च्या पराक्रमाने अनवाणी खेळण्याला एक देशभक्तीचे वलयही आले होते, त्यामुळे ते सोडायची कोणाची तयारी नव्हती. मोहम्मेडनचे सचिव सी. ए. अझीझ यांनी हे वलय बाजूला ठेवले. खेळाडूंना हलके बूट दिले, पाऊस असेल तेव्हा ते घालून खेळायची सवय लावली. दुसरी गोष्ट त्यांनी केली ती खेळाडू गोळा करण्याची. बंगालपुरते न थांबता बंगलोर, सरहद्द, जिथे कुठे चांगला मुस्लिम खेळाडू दिसेल तिथून त्याला आणले. जुम्मा खान, हाफिज रशीद, रहीम, अब्बास, साबू, नूर मोहम्मद, गोलकीपर उस्मान. आणि पूर्णियाचा सय्यद अब्दुस समद, ज्याला लोक ‘फुटबॉलचा जादूगार’ म्हणत. समद मोहम्मेडनमध्ये आला तेव्हा पस्तिशी ओलांडलेला होता. आज ज्या वयात खेळाडू निवृत्तीची घोषणा करतात, त्या वयात हा गडी डाव्या बगलेवरून बचावफळी चिरत होता. मला विचाराल तर या पाच वर्षांत बुटांचे श्रेय समदच्या पायांपेक्षा जास्त आहे. पण लोकांच्या आठवणीत समदच राहिला आणि ते बरोबरही आहे. बुटांच्या गोष्टी कोण सांगत बसतो?

एक पाय मात्र अनवाणीच राहिला आणि तो थेट ग्लासगोला पोचला. मटियाबुर्जचा मोहम्मद सलीम. मटियाबुर्ज म्हणजे अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह यांनी जिथे निर्वासिताचे आयुष्य काढले ती वस्ती. पुढे ती दर्जींची वस्ती म्हणून प्रसिद्ध झाली. सलीम १९३६मध्ये एका नातेवाइकाबरोबर स्कॉटलंडला गेला आणि सेल्टिक क्लबने त्याला आजमावून पाहिले. पायाला पट्ट्या गुंडाळून, बुटांशिवाय, तो सेल्टिकसाठी दोन सामने खेळला. तिथल्या वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले, क्लबने थांब म्हटले. सलीमला घरची ओढ लागली, तो परत आला. युरोपातल्या क्लबकडून खेळलेला हा पहिला भारतीय. सेल्टिकही, बरे का, गरीब आयरिश कॅथलिक स्थलांतरितांसाठी एका धर्मगुरूने काढलेला क्लब. अल्पसंख्याकांचा क्लब म्हणजे काय असते, हे तिथे सलीमला समजावून सांगायची गरज पडली नसेल.

या पाच वर्षांत मोहम्मेडनचा सामना असला की कलकत्त्याच्या मैदानावर माणूस मावत नसे. डॉकवरचे हमाल, विडी कामगार, टांगेवाले, दर्जी, मदरशातली पोरे, हायकोर्टातले वकील सगळे एका कुंपणाला लगटून उभे. बंगाली बोलणारे मुसलमान आणि उर्दू बोलणारे मुसलमान यांच्यात एरवी सोयरिकी सोडाच, धड संवादही नसे. मोहम्मेडनच्या गोलला मात्र दोघांच्या तोंडून एकच आवाज निघे. ढाक्यात १९३६मध्ये याच नावाचा क्लब उभा राहिला, तो आजही बांगलादेशातला मोठा क्लब आहे. काझी नझरुल इस्लाम यांनी या संघावर कविता लिहिली. ज्या नझरुलनी श्यामासंगीत रचले, ज्यांची पत्नी हिंदू होती, त्यांना मोहम्मेडनच्या विजयात जमातवाद दिसला नाही. गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवणारी आपली पोरे दिसली.

तरीही हे चित्र एवढे निर्मळ नव्हते आणि आपण ते तसे रंगवूही नये. क्लबच्या आश्रयदात्यांमध्ये ख्वाजा नाझिमुद्दीन होते, जे १९३७च्या फजलुल हक मंत्रिमंडळात गृहमंत्री झाले आणि पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल व पंतप्रधान. मुस्लिम लीगला हा संघ म्हणजे आयता झेंडा मिळाला. जिंकले की मिरवणूक, मिरवणुकीत घोषणा, आणि घोषणा हळूहळू फुटबॉलच्या राहिल्या नाहीत. दुसरीकडे हिंदू वृत्तपत्रांतून आणि मैदानावरूनही सूर बदलला. गोऱ्यांना हरवले तेव्हा जो संघ ‘भारतीय’ होता, तो मोहन बागानला हरवू लागल्यावर ‘मुस्लिम’ झाला. दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने या क्लबला फुटबॉलमधून उचलून राजकारणात नेऊन ठेवले.

पण इतिहास वाचताना एक तपशील विसरू नये. १९३९मध्ये इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या कारभारावर नाराज होऊन मोहम्मेडन लीगमधून बाहेर पडला, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी तीन क्लब बाहेर पडले: ईस्ट बंगाल, कालीघाट आणि आर्यन्स. नावे वाचा. कालीघाट आणि आर्यन्स! ज्यांना तो काळ केवळ हिंदू-मुस्लिम चष्म्यातून बघायचा आहे, त्यांची या यादीपाशी अडचण होते. त्या वर्षी लीग मोहन बागानने जिंकली, त्यांची ती पहिलीच.

पुढचे वर्ष १९४०. या एका वर्षाच्या पुण्याईवर मोहम्मेडनच्या तीन पिढ्या जगल्या. लीग परत जिंकली. मग संघ मुंबईला आला, रोव्हर्स कपसाठी. रोव्हर्समध्ये गोऱ्यांची मक्तेदारी १९३७मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने मोडली होती आणि १९३८मध्येही कप त्यांनीच नेला होता. १९४०च्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. मोहम्मेडन १-० ने जिंकला. मुंबईचा सर्वांत जुना फुटबॉल कप, आणि त्याच्या अंतिम फेरीत दोन मुस्लिम संघ, एक गंगेच्या काठचा, एक दख्खनचा. त्यानंतर डिसेंबरात दिल्ली. ड्युरँड कप त्या वर्षी प्रथमच सिमल्याहून दिल्लीत आला होता. आयर्विन अँफिथिएटरमध्ये (आजचे ध्यानचंद स्टेडियम) अंतिम सामना रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटशी झाला. हाफिज रशीद आणि साबू यांचे गोल, निकाल २-१. तोवर ड्युरँड म्हणजे लष्करी आणि गोऱ्यांचीच स्पर्धा होती. कॅप्टन हरनाम सिंग या सामन्याचे पंच होते, हेही नवलच. ड्युरँडच्या अंतिम सामन्यात भारतीय पंच यापूर्वी दिसला नव्हता.

त्याच डिसेंबरात मुंबईत वेगळाच वाद पेटला होता. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि ‘इतर’ अशा संघांची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा भरवावी की नाही, असा तो वाद. खेळाच्या मैदानावर धर्माच्या नावाने संघ नकोत, असे मत गांधीजींनी दिले. १९४६नंतर ती स्पर्धा बंद झाली आणि बंद झाली ते योग्यच झाले, असे मलाही वाटते. मग प्रश्न पडतो की मोहम्मेडनचे काय? त्याचे नाव तेच कसे राहिले?

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि तो दरवेळी वाईट हेतूने विचारलेला नसतो. मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा: पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल. तालमीत गणपती बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो. मुल्ला आणि पाटील एका जर्सीत असतात. तिथे वाढलेल्याला धर्माचे नाव लावलेला संघ प्रथम खटकतोच. पण मुंबईला मरीन ड्राइव्हवर चालत जा. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना, कॅथलिक जिमखाना एका रांगेत उभे आहेत. त्यांच्या पाट्या बदला असे कोणी म्हणत नाही, कारण सगळ्यांना कळते की या पाट्या एका काळाच्या आहेत. पंचरंगी ही स्पर्धाच धर्माधर्मांत होती. तिचा पायाच तो होता. मोहम्मेडन हा एका खुल्या लीगमधला एक क्लब. त्याचे नाव सांगते की तो कोणी काढला. त्यात कोण खेळतो, हे ते नाव सांगत नाही. निदान आता तरी नाही. तेवढा फरक करायला हरकत नसावी.

१९४७ आले. कलकत्ता भारतात राहिले, बंगालचा मोठा तुकडा पूर्व पाकिस्तान झाला. ज्यांच्याकडे पैसा, पद, जमीन किंवा ओळख होती असे कलकत्त्यातले बरेचसे मुसलमान ढाक्याला, काहीजण कराचीला गेले. नाझिमुद्दीन गेले. क्लबला देणग्या देणारे गेले, वकील गेले, अधिकारी गेले. खेळाडूही गेले. जादूगार समद पूर्व पाकिस्तानातल्या पार्वतीपूरला स्थायिक झाला आणि १९६४मध्ये तिथेच वारला. क्लबचा कणा होता तो हा वर्ग. तो एका वर्षात निघून गेला.

गेला नाही तो कुंपणाला लगटून उभा राहणारा माणूस. खिदिरपूरचा हमाल, मटियाबुर्जचा दर्जी, राजाबाजारचा विडी कामगार, पार्क सर्कसचा छोटा दुकानदार. काहींना जायचे नव्हते, कित्येकांना परवडणारे नव्हते. बहुतेकांना आपण जावे हा प्रश्नच पडला नाही. रोजी इथे, कब्रस्तान इथे, मैदान इथे. मोहम्मेडनच्या पडझडीबद्दल जे लिहिले जाते त्यात ‘फाळणीमुळे क्लबचे नुकसान झाले’ असे एक वाक्य असते. नुकसान झाले हे खरे. पण क्लब बंद पडला नाही, हे अधिक मोठे आहे. फाळणीच्या दंगलींतून बाहेर पडलेल्या शहरात, ज्या नावाकडे संशयाने पाहिले जात होते त्या नावाचा संघ पुन्हा मैदानात उतरला आणि १९४८ची लीग त्याने जिंकली. गांधीजींची हत्या जानेवारीत झाली होती. मे महिन्यात हेच लोक मोहम्मेडनचा सामना बघायला बाहेर पडत होते. त्यांच्या मनात काय असेल याचा मी अनेकदा विचार करतो. गोल झाल्यावर किती मोठ्याने ओरडायचे, याचाही हिशेब त्यांना करावा लागला असेल.

पुढची तीस वर्षे मोहम्मेडन अधूनमधून उसळला. १९५६मध्ये मुंबईत पुन्हा रोव्हर्स जिंकला, १९५९मध्ये परत. आमच्या घरात मोहम्मेडन आला तो या रोव्हर्समुळे. माझे एक मामू त्या काळी मुंबईत गोदीत कामाला होते आणि कूपरेजला सामने बघत. ते कोल्हापूरला आले की कूपरेजच्या गोष्टी सांगत. काळ्या-पांढऱ्या जर्सीचा नाद आम्हाला लागला तो तिथून. कलकत्ता त्यांनी आयुष्यात पाहिले नाही. १९५७मध्ये लीग आणि शील्ड दोन्ही. १९६०मध्ये ढाक्यात जाऊन आगा खान गोल्ड कप. परदेशात असा कप जिंकणारा पहिला भारतीय क्लब. जे ढाक्याला निघून गेले होते त्यांच्यासमोर, जे गेले नाहीत त्यांचा संघ जिंकला. १९६७ची लीग, १९७१ची शील्ड. मग मात्र दोन मोठ्या क्लबांनी पैशाच्या जोरावर मैदान मारले आणि मोहम्मेडन ‘तिसरा प्रधान’ झाला. म्हणायला तीन मोठे क्लब, बातम्या दोघांच्या.

शेवटची मोठी उसळी १९८०ची. त्या वर्षी ईस्ट बंगालमधून खेळाडूंचा मोठा गट मोहम्मेडनमध्ये आला, त्यात सुरजित सेनगुप्ता आणि भास्कर गांगुलीसारखी नावे होती. फक्त मुस्लिम खेळाडू घ्यायचे, ही जुनी रीत तोवर मोडली होती. १९८१ची लीग जिंकली. अलीगढ विद्यापीठात शिकायला आलेले दोन इराणी, माजिद बिश्कर आणि जमशेद नासिरी, ईस्ट बंगालमार्गे इथे आले. माजिद तर इराणच्या १९७८च्या विश्वचषक संघातला. शब्बीर अली हा हैदराबादी, मुंबईत टाटांकडून खेळलेला, याच जर्सीत गोलांचा पाऊस पाडत होता. १९८३ आणि १९८४मध्ये लागोपाठ फेडरेशन कप. १९८४ आणि १९८७मध्ये रोव्हर्स. नायजेरियाचा चिमा ओकोरी भारतात पहिल्यांदा खेळला तो १९८५मध्ये, मोहम्मेडनकडूनच.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला चाहत्यांच्या भाषेत ‘सब्र’ म्हणतात. १९८१नंतर कलकत्ता लीग नाही. दहा वर्षे, वीस वर्षे, तीस वर्षे. राष्ट्रीय लीग सुरू झाली, तिच्यात वर चढायचे आणि खाली उतरायचे. कंपन्यांचे पैसे फुटबॉलमध्ये आले तेव्हा ते मोहन बागान आणि ईस्ट बंगालकडे आधी गेले. मोहम्मेडनच्या दाराशी प्रायोजक यायला कचरत, त्यात नावाचा वाटा किती आणि क्लबच्या पदाधिकाऱ्यांच्या भांडणांचा वाटा किती, यावर चाहत्यांमध्ये आजही रात्र-रात्र वाद होतात. माझे मत विचाराल तर भांडणांचा वाटा मोठा. ‘आपल्यावर अन्याय होतो’ हे वाक्य खरे असते तेव्हाही ते कारभाऱ्यांना फार सोयीचे असते.

या क्लबवर प्रेम करणे म्हणजे काय, हे ज्याला एका मोसमात समजून घ्यायचे असेल त्याने २०१३-१४चा मोसम पाहावा. सप्टेंबर २०१३ : मोहम्मेडनने मुंबईच्या ओएनजीसीला २-१ हरवून ड्युरँड जिंकला, १९४०नंतर त्र्याहत्तर वर्षांनी. फेब्रुवारी २०१४ : ढाक्याच्या शेख जमाल धनमंडीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून आयएफए शील्ड जिंकली, १९७१नंतर त्रेचाळीस वर्षांनी. लोक म्हणाले, दिवस फिरले. त्याच मोसमात संघ आय-लीगमधून खाली घसरला. आणि ऑक्टोबर २०१४मध्ये पैसे नाहीत म्हणून वरिष्ठ संघ बंद करत असल्याची घोषणा झाली. दोन ऐतिहासिक कप, घसरण आणि कुलूप, सगळे तेरा महिन्यांत. इतके तर मनमोहन देसाईंनीही एका सिनेमात बसवले नसते.

कुलूप टिकले नाही. संघ परत उभा राहिला, खालच्या डिव्हिजनमधून धडपडत २०२०मध्ये आय-लीगमध्ये परतला. १८ नोव्हेंबर २०२१ला रेल्वे एफसीला १-० हरवून कलकत्ता लीग जिंकली. चाळीस वर्षांनी. मार्कस जोसेफ या त्रिनिदादच्या खेळाडूने तो गोल केला. १९८१मध्ये बापाच्या खांद्यावर बसून सामना बघितलेली पोरे आता स्वतः आजोबा व्हायला आली होती. २०२२ आणि २०२३लाही लीग घेतली. मध्ये, १४ मे २०२२ला, आय-लीगचा शेवटचा सामना सॉल्ट लेकवर गोकुलम केरळाशी. जिंकलो तर विजेतेपद आपले. २-१ ने हरलो. दोन वर्षांनी, ६ एप्रिल २०२४ला, शिलाँगला लाजोंगवर २-१ असा विजय मिळवून ते विजेतेपद मिळवले आणि मोहम्मेडन देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये पोचला.

तिथे काय झाले ते सुरुवातीला आलेच आहे. २४ सामने, २ विजय, १३ गुण, तळाचे तेरावे स्थान. पगार थकल्याच्या बातम्या, जानेवारीत रशियन प्रशिक्षक आंद्रे चेर्निशोव्ह सोडून गेले. केरळा ब्लास्टर्सविरुद्ध घरच्या मैदानावर हार दिसू लागताच आपल्याच लोकांनी बाटल्या फेकल्या. त्याचे समर्थन मी करणार नाही. कुंपणाला लगटून १९४८मध्ये उभ्या राहिलेल्यांनी यापेक्षा कितीतरी जास्त गिळले होते आणि मैदानावर काही फेकले नव्हते. संघ हरतो म्हणून त्याच्याच मैदानावर बाटली फेकणारा चाहता क्लबला आणखी एक दंड आणि नावाला आणखी एक डाग, एवढेच देतो.

त्या दोन विजयांपैकी पहिला चेन्नईत मिळाला, २६ सप्टेंबर २०२४ला, १-०. गोल मिझोरामच्या लालरेमसांगाचा. दुसरा बंगळुरूमध्ये ११ जानेवारीला, तोही १-०. उझबेकिस्तानच्या मिर्जालोल कासिमोव्हने सामना संपायला आला असताना फ्री किकवर केलेला. ज्या बंगलोरमधून अझीझसाहेब एकेकाळी खेळाडू आणत, त्याच शहरात. रात्री उशिरा माझ्या फोनवर मटियाबुर्जच्या एका ओळखीच्या दर्जीचा संदेश आला. आमची ओळख फक्त फुटबॉलची, प्रत्यक्ष भेट अजून झालेली नाही. त्याने एवढेच लिहिले होते : ‘जान जान मोहम्मेडन. पुढचा सामना कधी आहे, बघून सांगा.’